गुडघेदुखी, तोल आणि पडण्याची भीती: घरच्या घरी सराव कसा करायचा

गुडघ्याच्या संधिवाताचे पेशंट फिजिओथेरपीला येतात ते दुखण्याची तक्रार घेऊन. पण त्यांना खोलीतल्या खोलीत चालायला सांगितलं की वेगळंच काहीतरी दिसतं. भिंत जवळ असली की हात आपोआप भिंतीला जातो. नजर जमिनीवरून हटत नाही. वळायची वेळ आली की चार-पाच छोटी पावलं टाकत वळतात. विचारलं, "आत्ता दुखतंय का?" तर उत्तर येतं, "नाही हो, आत्ता नाही. पण दुखेल ना."

हा लेख त्या 'दुखेल ना' बद्दल आहे. पुण्यात घरोघरी जाऊन व्यायाम घेताना माझं एक मत पक्कं झालंय. नुसत्या मांडीच्या व्यायामांनी ही भीती जात नाही आणि नुसत्या धीराच्या शब्दांनी तर मुळीच नाही. ज्या हालचालीची भीती वाटते, तीच हालचाल लहान करून, धरायला आधार ठेवून, पुन्हा पुन्हा करावी लागते. ती कशी करायची ते पुढे सांगतो.

तोल नेमका का बिघडतो

पाऊल कुठे पडलंय, गुडघा किती वाकलाय, हे न बघताही आपल्याला कळतं, कारण सांध्याभोवतीच्या स्नायूंमधून, अस्थिबंधांमधून आणि सांध्याच्या आवरणातून मेंदूला सतत खबर जात असते. गुडघ्याच्या संधिवातात ही खबर थोडी अंधूक होते. म्हणूनच अंधारात किंवा डोळे मिटून उभं राहताना जास्त डुगडुगायला होतं.

दुसरं कारण मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचं. सांध्यात सूज किंवा दुखणं असलं की मज्जारज्जूच्या पातळीवरच या स्नायूला मिळणारा हुकूम कमी होतो. वॉलमननं वरूनच पाणी कमी सोडावं आणि आपण घरात नळ कितीही फिरवावा, तसं. स्नायू जागेवर असतो, पण पूर्ण ताकदीनं चालत नाही. जिना उतरताना 'गुडघा एकदम सुटला' असं वाटतं, ते पुष्कळदा यामुळे.

तिसरं कारण आपण स्वतः तयार करतो. दुखेल म्हणून जिना बंद, खाली बसणं बंद, मंडई बंद. काही महिन्यांत मांडी बारीक होते, घोटा आखडतो आणि तोल सावरायची सवयच मोडते. मग खरंच एकदा अडखळायला होतं आणि भीतीला पुरावा मिळतो. वेदनेच्या अभ्यासात हालचालीच्या या भीतीला 1990 मध्ये 'कायनेसिओफोबिया' असं नाव मिळालं. ती मोजायला 'टाम्पा' नावाची 17 प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिचे गुण 17 ते 68 या दरम्यान येतात आणि 37 च्या वर गेले की भीती जास्त आहे असं सर्वसाधारणपणे धरतात. पेशंटला ती प्रत्येक वेळी भरायला लावायची गरज नसते. कुठली कामं सोडली, एवढं विचारलं तरी पुरे.

एक तक्रार इथे नोंदवतो. "गॅप संपलीये", "हाडाला हाड घासतंय", "वंगण गेलं" ही वाक्यं दवाखान्यात फार सहज बोलली जातात. पेशंट ती वर्षानुवर्षं डोक्यात घेऊन फिरतो आणि प्रत्येक पायरीवर त्याला ते घासणं ऐकू येतं. वास्तविक एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. वाईट एक्स-रे असलेली माणसं आरामात फिरतात, साध्या एक्स-रेची माणसं कण्हतात. दरवर्षी पालख्या पुण्यात येतात तेव्हा त्या गर्दीतल्या सत्तरीच्या म्हाताऱ्यांचे एक्स-रे काढले तर किती जणांचे 'चांगले' येतील, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. गुडघ्यातून येणारा कट्कट् आवाजही, त्याबरोबर दुखत नसेल तर, मनावर घेऊ नका.

सुरू करण्याआधी: दोष गुडघ्याचाच आहे ना?

तोल जातोय म्हटल्यावर सगळं गुडघ्यावर ढकलायची घाई नको. मधुमेहात पायांच्या संवेदना कमी होतात. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता बऱ्यापैकी आढळते आणि तीही तळव्यांची जाणीव आणि तोल बिघडवते. उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. झोपेच्या गोळ्या, मोतीबिंदू, कानाची चक्कर यांचाही तोलावर परिणाम होतो. जिन्यावरून खाली बघताना दोन नंबरांच्या चष्म्याचा खालचा भाग पायरी धूसर करतो, हे तर कुणाच्या लक्षातच येत नाही.

गुडघा गरम, लाल होऊन ताप आला असेल, गुडघा अडकून सरळच होत नसेल, पोटरी अचानक एका बाजूनं सुजून दुखत असेल किंवा पडल्यावर पायावर भारच देता येत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

आजचं माप घ्या

घरातलं कुणीतरी जवळ उभं हवं. खुर्ची जड, बिनहाताची, भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते.

पहिली चाचणी उठबशीची. हात छातीवर दुमडून 30 सेकंदांत पूर्ण उभं राहून परत बसायचं, किती वेळा होतं ते मोजायचं. अमेरिकेतल्या वयोगटवार मापांनुसार 60 ते 64 वयात बायकांना 12 आणि पुरुषांना 14 पेक्षा कमी, 65 ते 69 मध्ये 11 आणि 12 पेक्षा कमी, 70 ते 74 मध्ये 10 आणि 12 पेक्षा कमी जमल्या तर ताकद सरासरीच्या खाली धरतात. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर आकडा शून्य लिहायचा. त्यात लाजायचं काही नाही, सुरुवात तिथून.

दुसरी चाचणी उभं राहण्याची, स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ. आधी दोन्ही पावलं जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे सरकवून, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून एका रेषेत, शेवटी एका पायावर. प्रत्येक प्रकार 10 सेकंद. एका रेषेतला तिसरा प्रकार 10 सेकंद टिकत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजतात. अशा वेळी पुढचा सराव सुरुवातीला फिजिओथेरपिस्टच्या समोर करणं बरं.

हे आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुधाचा हिशेब जिथे लिहिता तिथेच.

दुखण्याचा नियम ठरवून घ्या

बहुतेक घरांत नियम असा असतो की दुखलं की थांबायचं. संधिवाताला हा नियम चालत नाही. त्याऐवजी 0 ते 10 असं माप धरा: 0 म्हणजे काहीच नाही, 10 म्हणजे सहन होण्यापलीकडचं. व्यायाम करताना 2 पर्यंतचं दुखणं निर्धास्त, 5 पर्यंतचं चालवून घेण्याजोगं. मात्र दुसऱ्या दिवशी ते व्यायामाआधीच्या पातळीवर परत आलं पाहिजे. नाही आलं, तर व्यायाम चुकला असं नाही, मात्रा जास्त झाली. पुढच्या वेळी ती कमी करायची, बंद करायची नाही. डेन्मार्कमध्ये 2013 पासून गुडघा आणि खुब्याच्या संधिवातासाठी व्यायामाचा जो कार्यक्रम चालतो, त्यातही वेदनेचं असंच माप वापरतात.

हा नियम ज्याला खरोखर पटला, त्याची निम्मी भीती तिथेच उतरते, कारण दुखणं आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला रोज सकाळी स्वतःच्या गुडघ्यावर तपासता येतं.

भीतीची यादी

आता वही घ्या. टाळत असलेल्या हालचाली लिहा. 'चालणं' असं मोघम नको, नेमकं लिहा. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात राहणाऱ्या काकूंनी लिहिलेली यादी साधारण अशी होती: उंबरा ओलांडणं, न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर वळणं, बसची पहिली पायरी, लक्ष्मी रोडच्या गर्दीत धक्का लागणं, वाड्याचा लाकडी जिना उतरणं, हळदीकुंकवाला खाली बसून उठणं. प्रत्येकीपुढे भीतीचा आकडा, पुन्हा 0 ते 10. काकूंनी उंबऱ्याला 3 दिले, जिन्याला 9.

सुरुवात 3 किंवा 4 वाल्या गोष्टीपासून करायची. आणि प्रत्येक वेळी करण्याआधी एक वाक्य लिहायचं: 'मला वाटतं की असं असं होईल.' केल्यावर काय झालं तेही लिहायचं. हा भाग लोकांना शाळकरी वाटतो, टाळतात. पण माझ्या मते यादीतला सगळ्यात कामाचा भाग हाच. मनातल्या मनात ठेवलेली भीती कधी खोटी ठरत नाही. कागदावर 'गुडघा सुटेल आणि मी पडेन' असं लिहिलं आणि खाली 'थोडं दुखलं, 3, पडले नाही' असं चार-पाच दिवस लागोपाठ आलं, की आकडा आपला आपण खाली येतो.

वाड्याच्या जिन्याचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण जिना उतरणं हे पुष्कळांच्या यादीत सगळ्यात वर असतं. असे जिने उभे, अरुंद, वरून दोर सोडलेला. काकू उलट्या तोंडानं, शिडीवरून उतरल्यासारख्या उतरायच्या. आम्ही वरून सुरुवात केलीच नाही. आधी खालची एकच पायरी. तिच्यावर उभं राहून, एका हातात दोर, दुसरा हात भिंतीला. जास्त दुखणारा पाय पायरीवरच ठेवायचा आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश खाली नेऊन जमिनीला नुसती टेकवायची, भार न देता परत वर. खाली जायला तीन अंक मोजायचे, वर यायला दोन. जिना उतरताना मांडीला नेमकं हेच काम असतं: शरीर धपकन न सोडता हळूहळू खाली सोडणं. पायरी उंच वाटली तर दाराबाहेरचा बुटका ओटा चालतो. पाट मात्र घेऊ नका, कडेवर भार पडला की उलटतो.

टाच टेकवणं सोपं झालं की भार देऊन खाली उतरायचं. मग दोन पायऱ्या. मग नजर पायांवरून उचलून समोर, कारण मान खाली गेली की शरीर पुढे झुकतं आणि तोल आणखी बिघडतो. मग एक हात मोकळा. सगळ्यात शेवटी हातात पिशवी. मधल्या काळात खाली जायची गरज पडलीच तर जुनी युक्ती वापरायची: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एका पायरीवर दोन्ही पावलं आणून. दोन्ही गुडघे दुखत असतील तर जो जास्त दुखतो तो दुखरा धरायचा.

ओट्याजवळचा रोजचा सराव

जागा स्वयंपाकघराचा ओटा, पण गॅस बंद. फरशी कोरडी. मोजे नकोत, अनवाणी किंवा टाच बंद असलेली, तळ न घसरणारी चप्पल. मागे खुर्ची.

ताकदीसाठी उठबस पुरेशी आहे, फक्त नीट करायची. खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकून उठायचं. बसताना धपकन नाही, तीन अंक मोजत. 8 ते 10 वेळा, असे दोन-तीन फेरे, एक दिवसाआड. जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. ताकद आली की उशी काढा. तिच्या जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं. घोटा बळकट नसेल तर तोलाच्या बाकीच्या व्यायामांना अर्थ राहत नाही.

तोलाचा सराव रोज, दहा मिनिटं. मघाच्या चार प्रकारांपैकी जो 10 सेकंद जमतो त्याच्या पुढचा घ्यायचा. आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक हात, मग एक बोट, मग बोट हवेत पण ओट्याच्या वर. ओट्याच्या कडेनं बाजूला पावलं टाकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या गुंडाळीवरून पाऊल उचलून पलीकडे (उंबऱ्याची तयारी). मग उभं राहून मान डावीकडे-उजवीकडे वळवणं, कारण लक्ष्मी रोड ओलांडताना आपण सरळ समोर बघत नसतो.

हे सोपं वाटू लागलं की बोलता बोलता करा. 100 मधून 3-3 वजा करत जा किंवा फोनवर बहिणीशी गप्पा मारा, स्पीकर चालू ठेवून. माणूस पडतो तो बहुधा लक्ष दुसरीकडे असताना, म्हणून सरावही तसाच हवा. डोळे मिटून उभं राहणं मात्र खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या मध्ये आणि समोर खुर्ची ठेवूनच.

फरक किती दिवसांत? सहा ते आठ आठवड्यांत उठबशीचा आकडा हलतो, बारा आठवड्यांत बहुतेकांना चालण्यात जाणवतो. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतील, ते चांगलं लक्षण आहे.

ताई ची या चिनी व्यायामप्रकाराची शिफारस अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ठामपणे केलेली आहे; सावकाश भार बदलणं हा त्याचा गाभा. पुण्यात त्याहून सहज मिळतो तो योग. मॉडेल कॉलनीतली बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था 1975 पासून आहे आणि खुर्ची, पट्टा, भिंतीचे दोर यांच्या आधारानं आसनं करण्याची त्यांची पद्धत अशा गुडघ्यांना सोयीची पडते. कुठल्याही वर्गाला जा, पण गुडघ्याबद्दल पहिल्या दिवशी सांगा. वज्रासन जमलंच पाहिजे असा हट्ट धरणारा वर्ग सोडा.

घराबाहेर

पहिले काही दिवस सोसायटीचं पार्किंग, मग सपाट बाग. सारसबागेतल्या बांधीव वाटा आणि मधूनमधून बसायला जागा असणं सोयीचं आहे. तळजाईची मातीची वाट त्याच्या पुढची पायरी, कारण खडबडीत जमीन घोट्याला आणि नजरेला काम देते. टेकडीवर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की गुडघ्याची परीक्षा उतारावर असते, चढावर नाही. पर्वतीच्या 103 पायऱ्यांचंही तसंच. चढून गेलो म्हणून खूश होऊ नका, उतरायला तेवढीच ताकद शिल्लक ठेवा. दहा पायऱ्या चढून उतरणं हा पहिल्या दिवसाचा पुरेसा कार्यक्रम आहे.

पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ चढतं आणि सुटलेला ब्लॉक पायाखाली डुगडुगतो. त्या चार महिन्यांत चालणं घरात किंवा पार्किंगमध्ये केलं म्हणून काही बिघडत नाही.

काठी घ्यायला पुणेकर फार खळखळ करतो. तिला ट्रेकिंगची म्हणा, हवं तर. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. सिनेमात नेमकं उलट दाखवतात. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत मूठ यावी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतो. खालचं रबर झिजलं की बदला. नीकॅपनं काही जणांना धीर येतो, बाहेर जाताना घाला, दिवसभर नको. वजन जास्त असेल तर एक हिशेब पुरे: एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो.

घरच्यांसाठी

"आई, तू बस, मी आणते" हे प्रेमानंच म्हटलेलं असतं. पण दिवसातून वीस वेळा म्हटलं की आईला तेच पटतं: आपल्याला जमत नाही. पाण्याचा तांब्या तिला आणू द्या. "जपून, जपून" असं मागून ओरडू नका; त्यानं शरीर ताठ होतं आणि ताठ शरीर तोल सावरू शकत नाही. त्यापेक्षा न्हाणीघरात भिंतीत बसवलेला दांडा लावा (टॉवेलचा रॉड भार घेत नाही, तो उखडतो), रात्री पॅसेजमध्ये मंद दिवा ठेवा आणि पायपुसणी घसरणार नाही अशी घ्या.

दुखणं उसळलं, आणि ते मधूनच उसळणारच, तर दोन-तीन दिवस फेरे निम्मे करा, पायरीची उंची कमी करा, पण ओट्याजवळ उभं राहणं सोडू नका. संपूर्ण आठवडा पलंगावर काढला की परतीचा रस्ता लांब होतो.

यादीतली शेवटची गोष्ट: जमिनीवरून उठणं

पडण्याच्या भीतीच्या पोटात आणखी एक भीती असते: पडलो तर उठता येणार नाही. म्हणून उठायचा सराव करायचा, न पडता. ताकद थोडी आली की, कुणीतरी जवळ असताना, पलंगाशेजारी जाड गोधडी अंथरून. बसलेल्या स्थितीतून आधी कुशीवर वळायचं, मग हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं. गुडघ्याखाली उशी घ्या, दुखणं बरंच कमी होतं. तसंच रांगत पलंगापाशी किंवा जड खुर्चीपाशी जायचं. दोन्ही हात तिच्यावर टेकायचे, चांगल्या पायाचं पाऊल पुढे ठेवायचं, हातांनी आणि त्या पायानं रेटा देऊन वर यायचं, वळून बसायचं. लगेच उभं राहून चालायला लागायचं नाही, एक-दोन मिनिटं बसायचं. गुडघ्यांवर येणं अगदीच सहन होत नसेल तर बसल्या बसल्या मागे सरकत जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत जायचं आणि हातांच्या जोरावर एकेक पायरी वर बसत जायचं. दोन-तीन पायऱ्यांची उंची मिळाली की उभं राहणं सोपं होतं.

खरोखर पडल्यावर मात्र आधी पडल्या जागी थांबायचं. खुबा किंवा मनगट जोरात दुखत असेल, पाय हलवता येत नसेल, डोकं आपटलं असेल, तर उठायची खटपट करायची नाही. हाक मारायची आणि 108 ला फोन लावायचा. त्यासाठी फोन हाताशी लागतो, टीव्हीवर ठेवलेला असून उपयोग नाही. गाऊनला किंवा सदऱ्याला खिसा शिवून घ्या आणि न्हाणीघराची कडी आतून लावायची सवय सोडा.